आपांच्या नावानं गेलेलं उत्तर

शमीमआपा टाइप करताना बोलायच्या. एका बोटानं एकेक अक्षर शोधायच्या, आणि जो शब्द लिहायचा तो आधी तोंडानं म्हणायच्या. "बाई... पेपर... कसा... गेला..." असं चाललेलं असायचं. हॉस्टेलच्या ऑफिसातून हा आवाज ऐकू आला, की आपा मेल लिहीत आहेत हे बाहेर झाडू मारणाऱ्या मावशींनाही कळायचं. मात्र मजकूर नाजूक असला, की आवाज एकदम बंद व्हायचा. तेव्हा नुसते ओठ हलत. तशा वेळी मी दाराशी आले तर त्या हातानंच थांब म्हणायच्या, आणि मी बाहेरच्या बाकावर बसून राहायची.

अमरावतीत आमच्या मुलींच्या कॉलेजाचं हॉस्टेल होतं, आणि आपा तिथल्या रेक्टर. मी कॉलेजात मराठी शिकवायची. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या, मूळच्या अकोल्याच्या. वडील पिंजारी. कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचं काम पिढ्यांचं. लहानपणी आपाही वडिलांबरोबर घरोघरी गेल्या होत्या. घरात उर्दू, गल्लीत वऱ्हाडी, आणि दोन्हींची भेसळ त्यांच्या बोलण्यात अशी मुरलेली, की कोणता शब्द कुठला हे त्यांनाही सांगता आलं नसतं. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. एकदा एका नव्या प्राध्यापिकेनं विचारलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या होत्या, "टाइम नाई भेटला."

हॉस्टेलात बहुतेक पोरी खेड्यांतल्या. वलगाव, दर्यापूर, मूर्तिजापूर, असा सगळा काळ्या मातीचा पट्टा. ती वर्षं वाईट होती. आमच्या भागात शेतकऱ्यांचं काय चाललं होतं ते पेपरात रोज येत होतं. पेपरात येत नव्हतं ते हॉस्टेलात दिसायचं. दिवाळीला घरी गेलेली पोरगी परत यायची नाही. तिची खाट रिकामी राहायची, खाटेखालची पत्र्याची पेटी न्यायला कधी भाऊ यायचा, कधी कुणीच नाही. वर्ष नापिकीचं गेलं, की त्याच उन्हाळ्यात पोरीचं लग्न उरकून टाकायचे. घरातलं एक तोंड कमी. असं कुणी उघड म्हणत नसे, पण हिशेब तोच होता.

आपांनी यावर आपला एक उपाय काढला होता. कॉलेजातून जुना कॉम्प्युटर हॉस्टेलला मिळाला, तेव्हा त्यांनी ईमेलचं खातं उघडून घेतलं आणि प्रत्येक पोरीला स्वतःचं खातं उघडायला लावलं. जाणाऱ्या पोरीला त्या आपला पत्ता तोंडपाठ करायला लावायच्या. कागदावर लिहून द्यायच्या नाहीत, कारण कागद सासरी कुणाच्याही हाती लागतो. म्हणायच्या, "तालुक्याले बाजारात जाशीन तवा कॅफेत जाजो. दोन ओळी लिवजो. मी हाये."

आणि त्या खरंच असायच्या. रोज सकाळी आधी मेल पाहायच्या, मग चहा. आलेल्या प्रत्येक मेलला त्याच दिवशी उत्तर. मी एकदा म्हटलं, आपा, जरा विचार करून उद्या लिहा की, एवढी घाई कशाला. तर म्हणाल्या, "दार वाजलं का आदी 'आली' म्हनाव लागते. उघडाले येळ लागला तं लागला. बाहेरच्याले समजलं पायजे ना, का घरात मानूस हाये."

नुसत्या मेलवर भागणार नाही असं वाटलं, की त्या सरळ एसटीत बसायच्या. मूर्तिजापूरच्या बाजूची एक पोरगी ऐन शेवटच्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर घरी ठेवून घेतली, सुपारी फुटली होती. आपा गेल्या, मलाही नेलं. पोरीच्या बापाशी त्या पाऊसपाण्याचं बोलल्या, बैलांचं बोलल्या, कपाशीच्या पऱ्हाटीवरच्या बोंडअळीचं बोलल्या. लग्नाचा विषय काढलाच नाही. निघताना फक्त म्हणाल्या, "दादा, लगन करा ना, मी बी येतो जेवाले. पन पोरगी पेपर देऊन येऊ द्या. अर्धं विणलेलं सुटर कोनी आंगात घालते काय?" बाप हसला. पोरगी आमच्याबरोबरच परत आली. पेपर दिले, लग्नही झालं, आणि आपा जेवायला गेल्या. सगळ्याच वेळी असं जमायचं नाही. जमलं नाही की परतीच्या प्रवासात त्या खिडकीबाहेर बघत बसायच्या आणि मला बोलू द्यायच्या नाहीत.

अर्चना त्यातलीच, न जमलेल्यांतली. वलगावच्या पुढचं गाव. उंच, सावळी, थोडी बुजरी पोरगी. माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायची आणि वही फार नीटनेटकी ठेवायची. दुसऱ्या वर्षाला असताना तिचं लग्न झालं. आपा बोलायला गेल्या होत्या, पण तोवर पत्रिका वाटून झाल्या होत्या. सासर मूर्तिजापूरकडचं. गेल्यावर वर्षभर तिचे अधूनमधून मेल यायचे. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेले. त्यांत काय असायचं ते आपांनी मला कधी सांगितलं नाही. पण अर्चनाचा मेल आला की त्यांचे नुसते ओठ हलायचे, एवढं मला माहीत होतं.

मग तो सोमवार आला. सकाळी कॉलेजात जायच्या आधी मी माझा मेल उघडला, तर आपांच्या नावानं एक इंग्रजी मेल. मी परदेशात एका कामाला आले आहे, हॉटेलात माझी बॅग चोरीला गेली, पासपोर्टही गेला, मी फार अडचणीत आहे, ताबडतोब पैसे पाठव, कुणाला सांगू नकोस. खाली आपांचं पूर्ण नाव. मी तशीच हॉस्टेलवर गेले. आपा ऑफिसात बसून भाजीवाल्याशी वांग्यांवरून वाद घालत होत्या.

मी मेलचं सांगितलं तेव्हा आधी त्यांना हसू आलं. पासपोर्ट कसा दिसतो हे त्यांनी पाहिलंही नव्हतं. मग त्यांनी खातं उघडायला घेतलं. पासवर्ड चुकीचा आहे, असं आलं. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. आठवड्यापूर्वी त्यांना एक मेल आला होता. तुमचं खातं बंद होणार आहे, चालू ठेवायचं असेल तर पासवर्ड कळवा, असा. आलेल्या प्रत्येक मेलला त्या उत्तर द्यायच्या. त्यालाही दिलं होतं.

दिवसभर हॉस्टेलचा फोन वाजत राहिला. कुणी घाबरून विचारत होतं, कुणी रडत होतं. एकीनं नवऱ्याच्या नकळत हातातली सोन्याची बांगडी मोडायची तयारी केली होती. आपा प्रत्येकीला सांगत होत्या, मी इथंच आहे, अमरावतीत आहे, तो मेल माझा नाही. पण फोन करू शकणाऱ्या पोरी मूठभर. बाकीच्यांकडे फोन नव्हते, किंवा होते ते सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या खिशात. त्यांचे सगळ्यांचे पत्ते फक्त त्या खात्यात, आणि खात्याला दुसऱ्याचं कुलूप.

त्या मेल कंपनीकडे तक्रार करायची एक सोय होती. मी आणि आपा रोज दुपारी तिच्यामागे लागलो. खातं कोणत्या महिन्यात उघडलं, नेहमी कुणाकुणाला मेल करता, ठरवलेल्या गुप्त प्रश्नाचं उत्तर काय, असं विचारलेलं असायचं. गुप्त प्रश्न होता आईच्या नावाचा. आपांनी आईचं नाव लिहिलं. उत्तर चुकीचं आहे, असं आलं. चोरानं तेही बदललं होतं. आपा पडद्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "आता माह्या मायचं नाव बी तोच सांगन मले."

कंपनीकडून उत्तरं यायची ती माझ्या पत्त्यावर. प्रत्येक वेळी खाली वेगळं नाव, कधी पुरुषाचं, कधी बाईचं, मजकूर मात्र शब्दाशब्दाला तोच. आपण दिलेल्या माहितीवरून खातं आपलं असल्याची खात्री पटत नाही, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपा त्या नावांना खरी माणसं समजून लिहायच्या. त्या सांगत आणि मी इंग्रजी करत असे. त्यांनी लिहिलं, की माझ्या पोरी खेड्यांत आहेत, त्या मला लिहीत असतील, त्यांना वाटत असेल मी वाचते आहे. खातं परत द्यायचं नसेल तर नका देऊ, पण बंद तरी करा, म्हणजे आत बसलेला माणूस माझ्या नावानं बोलणार नाही. यावर तोच मजकूर आला. खाली नवं नाव.

मग कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यानं कुठून तरी एक फोन नंबर मिळवून दिला. बराच वेळ संगीत वाजलं, आणि एक तरुण मुलगा हिंदीत बोलायला लागला. आपांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, हम आपकी समस्या समझते हैं।" आपांनी विचारलं, "समझते हो बेटा, तो बताओ, क्या है मेरी समस्या?" मग त्यानं पहिल्यापासून तेच वाक्य वाचलं. शेवटी म्हणाला, तक्रार ज्या खात्याची आहे त्याच खात्यातून आम्हाला मेल करा, तरच ती नोंदवता येईल. आपांनी त्याला समजावलं, की ते खातं उघडत नाही हीच तर तक्रार आहे. तो म्हणाला, नियम तोच आहे. आणखी काही मदत करू शकतो का, असं विचारून त्यानं आमचा दिवस शुभ जावो अशी इच्छा व्यक्त केली.

पोलिसांकडेही गेलो. तिथल्या साहेबांनी सहानुभूतीनं ऐकलं आणि किती रुपये गेले ते विचारलं. काहीच नाहीत, म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. मग गेलं काय, असा त्यांचा प्रश्न होता. आपांना नीट सांगता येईना. बाहेर आल्यावर पायऱ्यांवर थांबून त्या मला म्हणाल्या, "माहा आवाज गेला, असं सांगाव लागत होतं. पन मी तं बोलून राहिली होती ना. त्यायले कसं पटन?"

अर्चना गेल्याचं आम्हाला पावसाळा संपताना कळलं, तिच्याच गावच्या एका पोरीकडून. सासरच्या विहिरीत सापडली. पाणी भरताना पाय घसरला, असं सासरचे म्हणाले. त्या पोरीनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती अडखळत. अर्चनानं जाण्याआधी तुम्हाला मेल केला होता मॅडम, असं तिची आई म्हणते.

दुसऱ्या दिवशी आम्ही वलगावची एसटी धरली. तिथून पुढे ऑटो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाऊस जास्त झाल्यानं पिवळी पडलेली पऱ्हाटी.

अर्चनाचे वडील ओसरीवर बसले होते. त्यांनी नमस्कार केला आणि उठून शेताकडे निघून गेले. आईनं आम्हाला आत बसवलं, पाणी दिलं. बाई बारीक होती, पोरीसारखीच उंच. तिनं दोष दिला नाही, रडलीही नाही. झालं ते क्रमानं सांगितलं. अर्चनाला सासरी त्रास होता. मारत होते. मूर्तिजापूरच्या बाजाराला सासूबरोबर गेली असताना सासूची नजर चुकवून ती कॅफेत गेली आणि तिनं मॅडमला लिहिलं, की मी हॉस्टेलवर येऊ का. पुढच्या बाजाराला जाऊन तिनं पाहिलं. उत्तर आलं होतं. इंग्रजीत होतं. मॅडम परदेशात अडकल्या आहेत, त्यांचं सगळं चोरीला गेलं आहे, त्याच मदत मागत आहेत. मग तिनं शेजारणीच्या फोनवरून आईला सांगितलं, की मॅडमच एवढ्या संकटात आहेत, त्यांना आपला ताप कशाला द्यायचा.

आपांनी हातातलं पाणी खाली ठेवलं. म्हणाल्या, "माय, थो मेल मी नाई केला. चोरानं केला. समज, का माह्या घरात चोर घुसला, अन् दाराआडून माह्या आवाजात बोलला."

बाईनं विचारलं, "मंग तुमी कुठी होत्या?"

"अमरावतीलेच होती. हॉस्टेलात."

"इथंच?"

"इथंच."

बाहेर कोंबड्यांचा आवाज येत होता. बाईनं पदरानं उगाचच जमीन पुसली. मग खाली बघत तिनं विचारलं, "तुमाले भेटला असता तिचा निरोप, तं तुमी काय म्हनल्या असत्या?"

"ये, म्हनली असती."

"मी राह्य म्हनली," बाई म्हणाली. "होईन सारं ठीक, राह्य, म्हनली."

आपा उठल्या आणि तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसल्या. तिचा हात हातात घेतला. मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले.

परतीच्या एसटीत आपांनी मला एकच गोष्ट सांगितली. "उत्तर नसतं आलं, तं पोरगी आली असती. वाट पायली असती, अन् मंग उठून आली असती. उत्तर भेटलं म्हनून थांबली."

त्यानंतर आपांनी सुट्ट्या टाकल्या. आठवतील त्या पोरींची गावं काढून त्या एकेका गावाला जायला लागल्या. माहेरी जायच्या, तिथून सासरचा पत्ता घ्यायच्या, सासरी जायच्या. पोरीच्या हॉस्टेलची बाई म्हणून ओळख सांगायच्या, चहा घ्यायच्या, आणि पोरगी पाणी द्यायला आली की तिच्या कानात सांगायच्या, की तो पत्ता आता माझा नाही, त्यावर लिहू नको, हॉस्टेलचा फोन पाठ कर. काही ठिकाणी दारातूनच परत पाठवलं. एका घरी, मुसलमान बाई सुनेला भेटायला कशी काय आली, म्हणून बरंच वाईट बोलले. ते त्यांनी मला हसत सांगितलं, पण त्या हसण्यात जीव नव्हता. ऊन-पावसात हिंडून त्यांची तब्येत खालावली. गुडघे सुजायचे, धाप लागायची. मी डॉक्टरकडे चला म्हटलं की पुढच्या गावाचं नाव सांगायच्या.

कंपनीला लिहिणंही त्यांनी सोडलं नाही. आता मागणं बदललं होतं. खातं नको, पत्ते नकोत, त्यातला एक मेल तेवढा वाचू द्या. मी ते इंग्रजी करून पाठवत राहिले. खात्री पटत नाही, असंच येत राहिलं. शेवटी एके दिवशी कळवलं, की सदर खाते गैरवापरामुळे कायमचे बंद करण्यात आले असून त्यातील सर्व मजकूर नष्ट केला आहे, आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. खाली एक विनंती होती. आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, ते एक ते पाचमध्ये कळवा. मी आपांना वरचं वाचून दाखवलं. खालचं वाचलं नाही.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि अकोल्याला भावाकडे राहायला गेल्या. भावाची गाद्यांची दुकानदारी होती. मागच्या खोलीत आपांची खाट, आणि भिंतीपलीकडे कापूस पिंजायच्या मशिनचा आवाज. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायची. छातीचं दुखणं बळावत चाललं होतं. भाचेसून त्यांचं मायेनं करायची. तिच्या पोराच्या मोबाईलवर मेल दिसायचे, पण आपा तिकडे बघायच्या नाहीत.

शेवटच्या भेटीत आम्ही कॉलेजातल्या लोकांबद्दल बोलत होतो, कोण कुठे असतं, कुणाचं काय झालं. आपा मध्येच थांबल्या. मग छताकडे बघत मला विचारलं, "तिचा मेल मोठा असन व बाई, का लहान?"

कुणाचा, ते विचारायची गरज नव्हती. मी म्हटलं, मोठाच असेल आपा. मनातलं सगळं लिहिलं असेल तिनं.

त्यांनी मान हलवली. "नाई," म्हणाल्या. "सासू बाजारात होती. कुठी एवढा टाइम भेटते पोरीले."

त्यांनी डोळे मिटून घेतले. भाचेसून चहा घेऊन आली तेव्हा त्यांना झोप लागली होती. मी उठवलं नाही, चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीनं अमरावतीला परत आले. थंडी पडायच्या आत आपा गेल्या.